पट्टीत न मावणारा हमाल

संग्रहालयातील चित्रपटाला ‘संवादी’ म्हणतात तेव्हा कथानक ठरावीक ठिकाणी थांबते, प्रेक्षक बटण दाबून पुढची वाट निवडतो आणि त्याप्रमाणे पुढचे दृश्य उलगडते, असा त्याचा अर्थ असतो. या प्रकारचा आद्य प्रयोग 1967मध्ये मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनातील चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात झाला. ‘किनोऑटोमॅट’ नावाच्या त्या चित्रपटगृहात 127 आसनांना हिरवी-तांबडी बटणे होती आणि बहुमताप्रमाणे कथा वळत असे. प्रत्येक वळणावर फुटलेल्या दोन वाटा कायम वेगळ्या ठेवल्या तर पाचच वळणांत 32 शेवट चित्रित करावे लागतात. म्हणून त्या कर्त्यांनी वाटा पुन्हा एकत्र आणल्या आणि काहीही निवडले तरी शेवट आगीतच होई.

तेथे जी निर्मितीची सोय होती, ती कामगार इतिहासावरील संवादी चित्रपटात सत्याची अट ठरते. नांदेडची निजामकालीन उस्मानशाही मिल 1974च्या राष्ट्रीयीकरणानंतर शासकीय महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली, ही घटना कोणत्याही बटणाने बदलता येऊ नये. प्रेक्षकाला निवडीचा अधिकार द्यायचा तो घटना कोणाच्या नजरेतून पाहायची याचा.

लातूरमध्ये या रचनेला उत्तम सामग्री आहे. 1917मध्ये उभ्या राहिलेल्या गोलाई या गोलाकार बाजारपेठेभोवती वाढलेल्या या व्यापारी शहरात तुरीचे एकच पोते शेतकरी, अडत्या, मापाडी आणि हमाल अशा चौघांच्या हातांतून जाते, आणि विक्रीनंतर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, हमालाचे श्रम ‘हमाली’ या एका ओळीत, नावाशिवाय, नोंदले जातात. प्रेक्षकाने त्या ओळीला स्पर्श करताच हमालाची पाठ, पोत्यात रुतणारा आकडा आणि थप्पीवर चढणारी फळी दिसावी. एका प्रौढ पुरुष कामगारावरील ओझे 55 किलोंपर्यंत आणावे अशी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 1967ची शिफारस आणि माथाडी मंडळांद्वारे नोंदणी व वेतनाची व्यवस्था करणारा महाराष्ट्राचा 1969चा कायदा यांचा अर्थ मग निराळा समजवावा लागत नाही.

अशा चित्रपटातील सर्वांत अवघड प्रसंग ऊसतोडीचा आहे. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून हंगामापूर्वी मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला कामाशी बांधते. ‘उचल घ्यावी की नाकारावी’ असा पर्याय पडद्यावर सहज मांडता येतो. परंतु नाकारल्यावर घरात दाणा कोठून येणार हे न दाखवणारा चित्रपट गरिबीला कामगाराचीच चूक ठरवतो, आणि हा दोष कोणत्याही तांत्रिक करामतीने झाकता येत नाही. त्याच दृश्यात बाईच्या नजरेची वाट स्वतंत्र असणे अनिवार्य आहे, कारण हिशेबात तिचा कोयता वेगळा धरलेला नसतो.

असा चित्रपट कॅमेऱ्याआधी मौखिक इतिहासावर, म्हणजे कामगारांच्या ध्वनिमुद्रित आठवणींवर, उभा राहतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी गिरणीतील वृद्ध कामगारांच्या व बाजार समित्यांतील हमालांच्या मुलाखतींचे काम आताच हाती घ्यावे.