आयर्लंडांतील एकटें कांटेझाड

सडकांकरितां जमीन घेण्याचे कागद आम्हीं कचेरींत पुष्कळ रंगविले. विहिरी, बांध, आंब्याचीं झाडें, सर्वांची नोंद होई, किंमत ठरे आणि सडक पुढें जाई. एका कांटेरी झुडुपापायीं सडकेचा आराखडा फिरवावा लागला, असें प्रकरण मात्र आमच्या दप्तरांत कधीं आलें नाहीं. आयर्लंड देशांत तें १९९९ सालीं घडलें.

क्लेअर परगण्यांत लटून येथें मोठी नवी सडक आंखली असतां तिच्या वाटेंत हॉथॉर्नचें एक जुनें झुडूप येत होतें. एडी लेनिहन नांवाचे लोककथांचे संग्राहक व कथेकरी यांनीं वर्तमानपत्रांतून हरकत घेतली. मन्स्टर प्रांतांतील अदृश्य लोक कॉनॉट प्रांतांतील आपल्या शत्रूंशीं लढण्यास निघतात तेव्हां याच झुडुपापाशीं जमतात, अशी जुन्या माणसांची समजूत असल्याचें त्यांनीं सांगितलें, व तें तोडल्यास सडकेवर अनर्थ होईल असा इशारा दिला. अखेर अधिकाऱ्यांनीं झुडूप राखूनच सडक केली. २००२ सालीं कोणा अज्ञात इसमानें यांत्रिक करवतीनें त्याच्या फांद्या छाटून टाकिल्या. तथापि त्यास पुन्हां पालवी फुटली.

हें झाड सफरचंद व नासपती यांच्याच, म्हणजे गुलाबाच्या, कुळांतलें. आयरिश भाषेंत त्यास श्क्याख म्हणतात. लांकूड कठीण, कांटे तीक्ष्ण. मे महिन्यांत तें पांढऱ्या फुलांनीं झांकून जातें आणि शरदांत त्यास लहान तांबडीं फळें येतात. गुरांना अटकाव व्हावा म्हणून अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तेथील शेतांना याचींच कुंपणें मोठ्या प्रमाणावर लाविलीं गेलीं. येथें वाचकांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. कुंपणांतील हॉथॉर्न शेतकरी बेधडक छाटतो. त्यांत त्यास कांहीं वावगें वाटत नाहीं. भीति आहे ती एकट्या झाडाची. शेताच्या मधोमध, झऱ्याशेजारीं किंवा जुन्या मातीच्या गढीवर, कोणीं न लावितां उगवलेल्या झाडाची. तें ‘त्यांचें’ समजतात. ‘ते’ म्हणजे टेंकड्यांच्या पोटांत राहणारे लोक. त्यांचें नांव घेणें बरें नव्हे म्हणून त्यांना ‘भले लोक’ म्हणण्याचा प्रघात आहे. चित्रांतल्या पंखवाल्या चिमुकल्या पऱ्या या निराळ्या. हे बहुधा माणसांसारखेच दिसणारे, गुरें बाळगणारे, आपसांत लढणारे आणि अपमान न विसरणारे शेजारी होत.

१९३७ ते १९३९ या काळांत आयर्लंडच्या लोककथा आयोगानें सुमारें पांच हजार शाळांतील मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या. त्यांत अशा झाडांच्या गोष्टी वारंवार भेटतात. कोणी फांदी तोडली, तो अंथरुणास खिळला. कोणी झाड उपटलें, त्याचीं गुरें मेलीं. गुरांचें मरण या कथांत कां येतें, हें आमच्या वाचकांस समजावून सांगणें नको. दोन-चार गाईंवर ज्याचें घर चाले व लोणी विकून ज्याचा खंड भरला जाई, त्याची एक गाय गेली कीं जमीनही जाण्याची वेळ येई.

फुलांचा बहर येतो तो नेमका याच काळजीच्या हंगामांत. मे महिन्याचा पहिला दिवस हा त्यांचा बेलटना सण, उन्हाळ्याचा आरंभ. जुन्या ग्रंथांत या दिवशीं गुरें दोन अग्नींमधून हांकीत असल्याचा उल्लेख आहे. दुधातुपाची बरकत या दिवशीं कोणी मंत्रानें चोरून नेईल अशी धास्ती असे. कांहीं भागांत हॉथॉर्नची फांदी दारापुढें रोवून तिला चिंध्या व अंड्यांचीं टरफलें बांधीत. परंतु तींच फुलें उंबऱ्याच्या आंत आणणें म्हणजे मरणास आमंत्रण. या समजुतीस एक आधार रसायनशास्त्रांत सांपडतो: या फुलांच्या वासांत ट्रायमेथिलअमाइन नांवाचें द्रव्य असतें, आणि कुजूं लागलेल्या मांसांतही तेंच उत्पन्न होतें.

आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें त्यांच्या जुन्या कायद्याचें. आठव्या शतकाच्या सुमारास आयरिश शेजारधर्माच्या नियमांत अठ्ठावीस झाडाझुडुपांचे सात-सातांचे चार वर्ग केलेले आहेत. ओक, हेझल, यू हीं पहिल्या वर्गांत, हॉथॉर्न दुसऱ्यांत. दुसऱ्याच्या मालकीचें पहिल्या वर्गांतील झाड बुडापासून तोडल्यास दोन दुभत्या गाई दंड, दुसऱ्या वर्गांतील असल्यास एक. वर्गवारी पाहतां फळ, लांकूड व कुंपण यांची किंमतच मुख्यत्वें धरलेली दिसते. भल्या लोकांचा त्यांत उल्लेखही नाहीं. महसुली कारकुनानें बसून केली असावी अशी ही यादी आहे! झाड राखण्याचें काम तेथें कायदा आणि भीति या दोघांनीं आपापल्या वाटेनें केलें, असें आम्हांस वाटतें.

केल्टिक ड्रुइड पुरोहितांचें तेरा महिन्यांचें वृक्षपंचांग होतें व त्यांतील एक महिना हॉथॉर्नचा, असेंही पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. वाचकांनीं त्यावर विसंबूं नये. तें इंग्रज कवि रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनीं १९४८ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलेलें आहे. प्राचीन आधार त्यास नाहीं.

भीतीचा लाभ मात्र खरा आहे. मातीच्या वाटोळ्या तटांच्या ज्या गढ्यांना लोक भल्या लोकांचे किल्ले म्हणतात, त्या वास्तविक हजार-पंधराशें वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांच्या वस्त्या होत. अशीं सुमारें पंचेचाळीस हजार स्थळें नोंदलेलीं आहेत, आणि नांगर घालण्यास कोणी धजला नाहीं म्हणूनच त्यांपैकीं पुष्कळ टिकलीं. पुढें यंत्रें आलीं, १९७३ सालीं देश यूरोपीय समुदायांत गेला, शेतें मोठीं करण्याची घाई झाली, तेव्हां अनेक सपाट झालीं. तरीही नांगरटीच्या मधोमध एकटें झुडूप सोडून तास वळविलेले आजही दिसतात. विचारल्यास मालक आपण असलें कांहीं मानीत नसल्याचें सांगतो, पण झाड तोडीत नाहीं.

सफरचंदाची बाग असणाऱ्यापुढें वेगळाच पेंच आहे. झाड होरपळल्यासारखें करून टाकणारा एक जिवाणुजन्य रोग सफरचंद व नासपती यांप्रमाणेंच हॉथॉर्नवरही पडतो व तेथून बागेंत शिरूं शकतो. बांधावरचें रोगट झाड राखावें कीं काढावें, हें त्यास भल्या लोकांना न विचारतांच ठरवावें लागतें.