घरोघरची अळीमिळी

बंगळुरूतलं जुनं, ऐसपैस घर. वरच्या खोलीत आजोबा, खाली आजी. एकाच छपराखाली राहूनही तीसहून अधिक वर्षं आजोबांनी आजीशी बोलणं टाकलेलं. काही हवं असलं की वरून घंटी वाजते.

शशी देशपांडे यांच्या ‘अ मॅटर ऑफ टाइम’ (१९९६) या इंग्रजी कादंबरीतलं हे घर. नवरा घर सोडून गेल्यावर सुमी तिन्ही मुलींसह इथे, माहेरी येते. थोरली अरू वडिलांच्या जाण्याचं कारण शोधता शोधता आजी-आजोबांच्या अबोल्यापाशी पोचते. कल्याणीआजीच्या हातून तिचा बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलगा मुंबईच्या व्हीटी स्टेशनवर हरवला होता. तो पुन्हा सापडलाच नाही. त्याची शिक्षा म्हणजे हा अबोला.

हे गुपित शोधायला जुनी पत्रं लागत नाहीत की कुलूपबंद पेटी. मोठ्यांना ते ठाऊकच असतं. फक्त कुणी उच्चारत नाही. बायकांच्या कथा-कादंबऱ्यांत शोध बहुधा असा घरातच सुरू होतो, आणि विचारणारी असते पुढच्या पिढीतली मुलगी. आजीच्या वाट्याला जे आलं, आईच्या वाट्याला जे आलं, तेच आपल्याही पुढ्यात येणार का, हे तिला जाणून घ्यायचं असतं.

धारवाडला १९३८ साली जन्मलेल्या देशपांडे या कन्नड नाटककार श्रीरंग यांच्या कन्या, आई मराठी. त्यांच्या ‘स्मॉल रेमेडीज’मध्ये (२०००) गुपिताचा प्रश्न आणखी अवघड होतो. ग्वाल्हेर घराण्याच्या गायिका सावित्रीबाई इंदोरकर यांचं चरित्र लिहायला मधू त्यांच्याकडे येते. बाई गुरूंबद्दल बोलतात, मैफलींबद्दल बोलतात. तबलजी गुलामसाहेबांपासून झालेल्या मुलीचं, मुन्नीचं, नावही काढत नाहीत. मधूला मात्र मुन्नी चांगली आठवते. दोघी लहानपणी शेजारीच राहायच्या. गाण्यासाठी सासर सोडण्याची हिंमत दाखवलेली बाई प्रतिष्ठेपायी लेकीला आयुष्यातून पुसून टाकते, ही गोष्ट मधूला सलत राहते.

मुन्नीला चरित्रात जागा द्यायची, की बाईंच्या मौनाचा मान राखायचा? मधूला हा निर्णय सोपा नाही, कारण खरं बोलण्याची किंमत तिनं स्वतः मोजलेली आहे. लग्नाआधीच्या एका प्रसंगाची कबुली तिनं नवऱ्याला दिली, आणि तिथूनच त्यांच्या संसाराला तडे गेले.