लाल जाळी, काळा फिल्टर

मार्चच्या शेवटच्या रविवारी गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि आईच्या खोलीतला एअर प्युरिफायर उघडला. मागचं झाकण काढलं की आधी हाताला लागते ती बारीक नायलॉनची जाळी. ती तांबडीलाल झाली होती. जांभ्याचा चिरा कापताना उडते तशी माती तिच्या प्रत्येक भोकाला धरून बसलेली. बोट फिरवलं तर बोट लाल. जाळी बाजूला ठेवून आतला घड्याघड्यांचा फिल्टर ओढून काढला, तो मात्र लाल नव्हता. बसवला तेव्हा पांढराशुभ्र असलेला तो कागद घड्यांच्या टोकांवर करडा आणि आतल्या बाजूला काळपट झाला होता. झटकून पाहिला, काही पडलं नाही. ते काळं कागदात मुरलेलं होतं.

आई खुर्चीत बसून बघत होती. तिला दमा आहे, वीस वर्षांपासून. म्हणाली, "लाल दिसतं ते केरसुणीनं जातं रे. हे काळं कुठून आलं?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. लाल धूळ कुठली ते आम्हाला पाठ आहे. आम्ही कुवारबावला राहतो, मिऱ्या-नागपूर महामार्गापासून हाकेच्या अंतरावर. चौपदरीकरणाचं काम निघाल्यापासून खिडकीच्या गजांवर दिवसाआड लाल थर बसतो. पण हे कण मोठे असतात. नाकातल्या केसांत आणि घशात अडतात, लवकर खाली बसतात, ओल्या फडक्याने पुसले जातात. काळं जे आहे ते जळलेल्या वस्तूंचं. डिझेलचा धूर, फेब्रुवारीपासून शेतात चालणारी भाजावळ, डोंगरावर लागणारे वणवे, आणि आपल्याच घरात पेटवलेली उदबत्ती न् डासांची कॉईल. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात, म्हणून त्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या रुंदीत असे पंचवीस-तीस कण शेजारी शेजारी बसतील. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि दम्याच्या माणसाला रात्री दोन वाजता उठवून बसवतात.

रत्नागिरीत प्युरिफायर कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. शंका रास्त आहे. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या महाराष्ट्राच्या शहरांमध्ये सोलापूर, सांगली, कोल्हापूर आहेत, रत्नागिरी नाही. समुद्राचा वारा आपली हवा रोज धुऊन काढतो. पण वारा शहराची हवा धुतो, दारं-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीची नाही. आणि दमेकरी माणूस रात्रीचे आठ-नऊ तास त्याच खोलीत असतो.

पहिलं यंत्र घेताना मी चुकलो. एका दुकानात टेबलावर ठेवायचं छोटं, देखणं यंत्र दाखवलं. फिल्टर बदलायचा खर्चच नाही, आयनांनी हवा शुद्ध होते, असं विक्रेत्याने सांगितलं. मी ते घेऊन आलो. दुसऱ्या रात्रीपासून खोलीत एक तिखट वास येऊ लागला, झेरॉक्सच्या बंदिस्त दुकानात येतो तसा. आईचा खोकला वाढला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "नवीन काय आणलंत घरात?" तो वास ओझोनचा होता. हवेत विजेचा भार सोडणाऱ्या काही यंत्रांतून ओझोन तयार होतो आणि तो श्वासनलिकेला झोंबतो. दुकानाने यंत्र परत घेतलं नाही. पैसे गेले, त्याहून आईच्या त्या चार रात्री माझ्या मनाला जास्त लागल्या. त्यानंतर ठरवलं, की आत काय चालतं ते कळल्याशिवाय काही घ्यायचं नाही.

चांगल्या प्युरिफायरच्या आत खरं तर फार काही नसतं. एक पंखा आणि एक फिल्टर. पंखा खोलीतली हवा ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, पुन्हा खोलीत सोडतो. कसब सगळं फिल्टरमध्ये आहे. त्याला हेपा म्हणतात. बारीक तंतूंचा विस्कटलेला थर, जास्त जागा मिळावी म्हणून घड्या घालून बसवलेला. मला वाटायचं हा चाळणीसारखा असेल, छिद्रापेक्षा मोठं ते अडेल आणि लहान ते निसटेल. तसं नाही. मोठा कण वेगात येतो आणि वळण घेता न आल्यामुळे तंतूवर आदळतो. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भरकटतो आणि कुठेतरी चिकटतो. सर्वांत चिवट असतो तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा, कारण तो धड आदळत नाही आणि धड भरकटत नाही. म्हणून फिल्टरची परीक्षा त्या आकाराच्या कणांवर घेतात. अमेरिकी मापाने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. युरोपी मापात एच१३ हा दर्जा असेल, तर सर्वांत चिवट आकाराचे ९९.९५ टक्के. खोक्यावर नुसतं 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' लिहिलेलं असेल तर ते यंत्र खाली ठेवा.

मात्र फिल्टर कितीही उत्तम असला तरी पंखा दुबळा असेल तर उपयोग शून्य. इथे बघायचा आकडा म्हणजे सीएडीआर, यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'इतक्या चौरस फुटांसाठी' असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तासातून एकदाच हवा गाळली जाईल असं धरूनही तो आकडा काढता येतो. दमेकऱ्याच्या खोलीत तासाला पाच वेळा तरी हवा फिल्टरमधून गेली पाहिजे. आईची खोली बारा बाय दहा, उंची साडेनऊ फूट. गुणाकार ११४० घनफूट, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. पाचपट केले तर तासाला १६० घनमीटर झाले. दुकानात आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत, सांगितला तर त्याला १.७ ने गुणायचं.

आता गोम अशी, की छापलेला आकडा सर्वांत जास्त वेगावरचा असतो. त्या वेगाला यंत्र जो आवाज करतं त्यात झोप लागत नाही. मग माणूस 'स्लीप'चं बटण दाबतो आणि हवा पाव हिश्श्यावर येते. म्हणून मी ३०० च्या वरचं यंत्र घेतलं आणि ते मधल्या वेगावर चालवतो. भिंतीपासून फूटभर पुढे, पलंगाच्या बाजूला, पडद्याआड नाही. वीज लागते ती छताच्या पंख्याइतकी, किंबहुना कमीच. खरा खर्च फिल्टरचा. तो साधारण वर्षाने बदलावा लागतो आणि धुता येत नाही. पाण्याने त्याचे तंतू बसतात आणि तो कामातून जातो. तेव्हा फिल्टर केवढ्याला आणि तो रत्नागिरीत कुणाकडे मिळेल, हे यंत्राच्या किमतीआधी विचारा.

एका रात्री मित्राकडून कण मोजायचं छोटं मीटर आणलं. खिडक्या लावून खोलीत नेहमीप्रमाणे डासांची कॉईल पेटवली. पीएम २.५ चा आकडा सुरुवातीला घनमीटरला तीस मायक्रोग्रॅमच्या आसपास होता, अर्ध्या तासात तीनशेच्या पलीकडे गेला. कॉईल तशीच ठेवून यंत्र पूर्ण वेगावर लावलं, तर आकडा उतरला, पण शंभराच्या खाली यायलाच तयार नाही. बादलीत नळ चालू ठेवून तांब्याने पाणी उपसत राहावं तसं ते चाललं होतं. मग कॉईल बाहेर नेऊन विझवली. पुढच्या अर्ध्या तासात आकडा विशीत आला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला १५ आहे, आपल्या सरकारची ६०. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी यांनी सांगितलं होतं, की बंद खोलीत एक कॉईल जाळणं म्हणजे सुमारे शंभर सिगारेटींचा धूर. ते मी वाचलं होतं. मीटर बघितल्यावर दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी आणली. माझ्या मते आईच्या रात्री सुधारल्या त्यात निम्मा वाटा त्या मच्छरदाणीचा आहे.

पावसाळ्यातली गोष्ट आणखी वेगळी. जुलैच्या एका रात्री यंत्रावरचा हवेचा दर्जा दाखवणारा दिवा लाल झाला आणि लालच राहिला. घरात काही जळत नव्हतं, बाहेर मुसळधार. आई घाबरली. मी फिल्टर तपासला, सगळं ठीक होतं. नंतर उलगडा झाला. यंत्रातला सेन्सर उजेड टाकून कण मोजतो. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे बारीक कण असतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं, कण फुगतो, आणि सेन्सरला पाण्याचा थेंब न् धूर यांतला फरक कळत नाही. स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं तेच हे. आपल्याकडे पावसाळ्यात त्या दिव्यावर विसंबू नये.

आणि पावसाळ्यातला खरा शत्रू यंत्राच्या आवाक्याबाहेरचा आहे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात कपाटामागे बुरशी धरते. तिचे उडणारे बीजाणू फिल्टर पकडतो, पण ओल्या भिंतीवर नवे तयार होतच राहतात. आम्ही गळती काढली, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं, भिंत घासून कोरडी केली, आणि ओल शोषणारं डिह्युमिडिफायर दुपारचे काही तास लावू लागलो. गाद्यांतल्या सूक्ष्म किड्यांचंही तेच. त्यांची घाण जड असते, अंथरुणातच राहते. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुणं हाच त्यावर उपाय.

मोहोराच्या दिवसांत बागांतून फवारणीचा उग्र वास येतो, तोही हेपाला अडत नाही, कारण तो वायू आहे. त्यासाठी कार्बनचा फिल्टर लागतो आणि बहुतेक यंत्रांत त्याचा पातळसा थरच असतो. फवारणी चालू असेल तेवढा वेळ खिडकी लावावी, मग उघडावी. खिडकी उघडणं सोडू नये. माणसांच्या श्वासाने साठणारा कार्बन डायऑक्साइड कुठलाही फिल्टर काढत नाही.

गावाकडच्या चुलतभावाने काकूसाठी असंच यंत्र घेऊ का म्हणून विचारलं. त्यांचं घर कौलारू, वासे आणि भिंतीच्या मधून हात जाईल एवढी फट. तिथे यंत्र कितीही चाललं तरी बाहेरची हवा गाळत बसेल. मी त्याला सांगितलं, त्या पैशांत चूल बंद कर, गॅस घे आणि स्वयंपाकघराला धुराडं नीट बसव.

घेणार असाल तर भाजावळ सुरू व्हायच्या आधी, जानेवारीत घ्या. दुकानात जाताना खोलीची लांबी, रुंदी आणि उंची कागदावर लिहून न्या, आणि यंत्र आणल्यावर लाल जाळी दर पंधरा दिवसांनी धुऊन, पूर्ण वाळवून मगच परत बसवा.