तबकडीच्या वेष्टनावरची नावे

‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा पिंक फ्लॉइडचा अल्बम मार्च १९७३मध्ये आला आणि २०२३च्या मार्चमध्ये त्याच्या पन्नाशीची देखणी पेटी बाजारात आली. काम जेमतेम ४३ मिनिटांचे. पण त्यात एक गाणे दुसऱ्यात मिसळत जाते, मध्येच घड्याळांचा गजर उठतो, नाण्यांचा खणखणाट तालात बसवलेला असतो. सुटे गाणे सोडून सलग मोठी रचना बांधायची, हीच प्रोग्रेसिव्ह रॉकची ओढ. यातले ‘मनी’ हे गाणे सात मात्रांत चालते. रूपक ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला ते मोजणे मुळीच अवघड नाही. सॅक्सोफोन त्याच सातांत वाजतो आणि गिटारची पाळी आली की ताल चारांवर येतो. ती जागा दर वेळी अंगावर काटा आणते.

या अल्बमच्या पुनर्प्रकाशनांमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र आवाजाच्या सफाईची नाही. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये क्लेअर टॉरीने एकही शब्द न वापरता आळवलेला आर्त आवाज आहे. त्या ध्वनिमुद्रणाचे तिला ३० पौंड मिळाले. गायिका म्हणून तिचे नाव छापले गेले, पण तो आलाप तिने तिथल्या तिथे रचला होता. २००४मध्ये ती न्यायालयात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि नंतरच्या प्रतींवर रचनाकार म्हणून पिंक फ्लॉइडच्या रिक राइटसोबत तिचे नाव आले. जुना अल्बम नव्याने काढण्याला अर्थ येतो तो असा.

आपल्याकडेही हे संगीत होते. सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या. मुंबईत ‘द सॅव्हेजेस’ होते, ‘वेल्वेट फॉग’ होता आणि ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ होता. ‘ऑब्सेशन ७७’ हा या शेवटच्या बँडचा एकमेव अल्बम. तो काटेकोर अर्थाने प्रोग्रेसिव्ह नव्हे. त्यात सायकेडेलिक रॉक आहे आणि फंकही आहे. पण त्या काळची मुंबई त्यात धडधडते. हा अल्बम २०११ साली पुन्हा काढला तो लॉस एंजेलिसच्या ‘नाउ-अगेन’ या रेकॉर्ड कंपनीने. आपला ठेवा सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी जपला, याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत आणि आपण तो जपला नाही याची खंतही बाळगायला हवी.

याच बँडमध्ये गायलेले नंदू भेंडे म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. १९७४मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जुडास उभा केला. चारच वर्षांनी ते पुण्याच्या थिएटर अकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त होते. ब्रेख्तच्या नाटकाचे हे पुलंनी केलेले रूपांतर जब्बार पटेलांनी बसवले. भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर संगीताची बाजू भेंडे यांनीही सांभाळली. मराठी रंगभूमीवर रॉकचा ठेका इतक्या सहजपणे त्याआधी क्वचितच आला असेल. भेंडे २०१४ साली गेले. नाटकाला २०२८मध्ये पन्नास वर्षे होतील. त्या निमित्ताने या संगीताचा साक्षेपी संच निघाला पाहिजे, आणि त्यावर मागे बसून वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव हवे.

हे सारे वाशीमच्या वाचकाला मुंबई-पुण्याचे वाटू नये. १९९८पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या आपल्या या भागात रॉक बँड नव्हते, पण गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा गाजत होते, अ‍ॅकॉर्डियन आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे हात होते, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट जीव ओतून वाजत होते. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत. पण कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या घरांत छायाचित्रे, हस्तपत्रिका, क्वचित एखादी कॅसेट अजूनही असेल. माझी विनंती आहे, यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे हे सामान रद्दीत देऊ नका. छायाचित्रातल्या वादकांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि मागच्या बाजूला लिहून ठेवा.