रोशाचं तेल : गवतातली केमिस्ट्री

पावसाळा सरता सरता परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे गेलात तर घाटातल्या उतारांकडे जरा लक्ष द्या. माणसाच्या उंचीचं, तांबूस तुऱ्यांचं एक गवत तिथे दिसेल. त्याची पात चुरगळून नाकाशी धरली की गुलाबासारखा, थोडा लिंबाकडे झुकणारा वास येतो. हे रोशा गवत. कोणी तिखाडी म्हणतं. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी, म्हणजे आपल्या गवती चहाचा चुलतभाऊच.

गंमत अशी की हे गवत आपल्या दारात असूनही त्याचा पत्ता आपल्याला विदेशी नावाने कळतो. दुकानात 'पामारोझा ऑइल' म्हणून छोटीशी बाटली मिळते आणि तिची किंमत बघून आपण ती परत ठेवून देतो. एकोणिसाव्या शतकात मात्र खानदेश, निमाड आणि वऱ्हाडाच्या सातपुडा पट्ट्यात ओढ्याकाठी रोशाच्या भट्ट्या लागायच्या. तेल मुंबई बंदरातून जहाजाने तांबड्या समुद्राच्या वाटेने थेट कॉन्स्टँटिनोपलला जायचं. तिथे त्याला 'इद्रिस यागी' म्हणत. पुढचा धंदा जरा काळा होता. हे तेल बल्गेरियातल्या महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई, कधी तर भट्टीत घालण्यापूर्वी पाकळ्यांवरच शिंपडलं जाई! भेसळ पकडणं अवघड होतं, कारण दोन्ही तेलांत एक घटक सारखाच आहे. त्याचं नाव जिरॅनिऑल. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जिरॅनिऑल पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं, ते भारतातून गेलेल्या याच गवताच्या तेलातून.

रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळपास सारख्या. मोतियाच्या तेलात पाऊण हिश्शाहून जास्त जिरॅनिऑल असतं. सोफियात ते फार कमी, म्हणून तिच्या तेलाला वासही वेगळा आणि भावही कमी. कोवळं गवत मोतिया आणि तेच जून झालं की सोफिया, असा समज कितीतरी वर्षं होता.

आता इंजिनिअरिंगच्या पोरांना पडायला हवा असा प्रश्न. जिरॅनिऑलचा उत्कलनबिंदू सुमारे २३० अंश सेल्सिअस. भट्टीत तर नुसतं पाणी उकळतंय. मग तेल वर येतं काहून? उत्तर फर्स्ट इयरच्या पुस्तकात आहे. तेल आणि पाणी एकमेकांत विरघळत नाहीत, त्यामुळे दोघंही आपापला बाष्पदाब स्वतंत्रपणे देतात. दोन्ही दाबांची बेरीज वातावरणाच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं, म्हणजे १०० अंशांच्या किंचित आधीच. तेल न जळता वाफेसोबत निघतं, कंडेन्सरमध्ये थंड होतं आणि पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर तरंगतं. १०० किलो ओल्या गवतातून साधारण अर्धा किलो तेल हाती लागतं. ज्या कोणी ओढ्याकाठी पहिली भट्टी लावली त्याने डाल्टनचा नियम वाचलेला नव्हता, पण ओढ्याचं गार पाणी कंडेन्सरला लागतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेल जंतूंना मारतं म्हणजे नेमकं काय करतं, ते बघू. जिवाणूभोवती चरबीच्या रेणूंचा पातळ पडदा असतो. जिरॅनिऑल, थायमॉल, युजेनॉल हे रेणू पाण्यात कमी आणि चरबीत जास्त रमणारे. ते पडद्यात घुसतात, पडदा सैल होतो, आतलं पोटॅशियम आणि इतर आयन बाहेर झिरपतात, पेशीचं ऊर्जेचं गणित कोलमडतं. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं. त्यामुळे ई. कोलाय थोडा दम धरतो, आणि स्यूडोमोनास तर बहुतेक तेलांना दादच देत नाही. बुरशीच्या बाबतीत तेलांची कामगिरी त्या मानाने बरी असते.

इथपर्यंत ठीक. घोळ पुढे होतो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये. अगार प्लेटवर तेलात भिजवलेली कागदी चकती ठेवतात, शेजारी सिप्रोफ्लॉक्सासिनची चकती ठेवतात, दोन्हींभोवतीची जंतुविरहित वर्तुळं पट्टीने मोजतात आणि लिहून मोकळे होतात, 'तेल अँटिबायोटिकच्या तोडीचे आहे.' जरा हिशोब करा. सिप्रोच्या प्रमाणित चकतीत औषध असतं ५ मायक्रोग्रॅम. तुम्ही चकतीवर टाकलं १० मायक्रोलिटर तेल. घनता ०.८९ धरली तर ते झालं ८,९०० मायक्रोग्रॅम. म्हणजे पावणेदोन हजार पट माल टाकून आपण बरोबरी साधली! त्यात तेल पाण्यात विरघळत नसल्याने ते अगारमध्ये नीट पसरत नाही, आणि उडून जातं ते वेगळंच. त्यापेक्षा ट्वीन-८० सारख्या पदार्थाने तेल पाण्यात मिसळून, निरनिराळ्या सौम्यतेच्या नळ्या लावून, किती कमी प्रमाणात वाढ थांबते ते काढावं. यालाच एमआयसी म्हणतात. तेलांचा हा आकडा बहुधा मिलिलिटरला शेकडो ते हजारो मायक्रोग्रॅम येतो. सिप्रोचा, संवेदनशील ई. कोलायसाठी, एक मायक्रोग्रॅमच्याही खाली असतो.

मग तेल बिनकामाचं का? तसंही नाही. लिस्टरिनसारख्या माउथवॉशमध्ये थायमॉल, मेंथॉल आणि निलगिरीतलं युकॅलिप्टॉल आहेतच. दाताचे डॉक्टर लवंगेतलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून भरतात. जिरॅनिऑल डास दूर ठेवण्यासाठी वापरतात. ही सगळी कामं वरवरची, थोड्या वेळाची, थोड्या जागेची. तेल पोटात घेऊन रक्तातला संसर्ग बरा होईल, असं कोणी सांगत असेल तर त्याला आधी वरचा हिशोब दाखवा.

होस्टेलच्या दृष्टीने इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एकाच्या टॉवेलने चौघं अंग पुसतात आणि गजकर्ण मजलाभर फिरतं. प्रयोगशाळेत अनेक तेलांनी गजकर्णाची बुरशी मारलेली आहे, म्हणून काही जण नितळ तेल मांडीला चोळतात. पण पडदा फक्त बुरशीलाच नसतो, आपल्या कातडीच्या पेशींनाही असतो. तेल तो फरक करत नाही. नितळ तेलाने आग होते, चट्टे उठतात. जिरॅनिऑल आणि लिमोनिन दोन्ही युरोपात ॲलर्जीकारक सुगंधांच्या यादीत आहेत. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड-मिश्रित मलम त्याहून वाईट. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते. गेल्या दशकापासून देशभर टर्बिनाफिनला न जुमानणारं गजकर्ण दिसतंय, त्यामुळे सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा. टॉवेल मात्र आजपासूनच वेगळा करा.

आता अँटिऑक्सिडंटकडे वळू. घरून आलेला चिवडा महिन्याभरात खवट का लागतो? तेलातल्या मेदाम्लांवर हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो, एक मूलक तयार होतो, तो शेजाऱ्याला बिघडवतो, तो पुढच्याला. ही साखळी तोडायला कोणीतरी आपला हायड्रोजन देऊन शांत बसणारा लागतो. फिनॉल गटाचे रेणू हे काम छान करतात, कारण हायड्रोजन दिल्यावर उरलेला मूलक बेंझिनच्या कड्यात विसावतो. ओव्यातलं थायमॉल फिनॉल आहे, लवंगेतलं युजेनॉलही. रोशातलं जिरॅनिऑल साधं अल्कोहोल. त्याच्याकडे कडं नाही, म्हणून या कामात ते मागे पडतं. म्हणजे जंतूंवर बऱ्यापैकी चालणारं तेल खवटपणावर चालेलच असं नाही. 'अँटिमायक्रोबियल आणि अँटिऑक्सिडंट' हे दोन शब्द जाहिरातीत जुळ्या भावांसारखे येतात, प्रत्यक्षात त्यांचं फारसं नातं नाही.

उलट काही तेलं स्वतःच बिघडतात. वरूड-मोर्शीच्या संत्र्याची साल मेणबत्तीजवळ पिळली की ठिणग्या उडतात, फुग्यावर पिळली तर फुगा फुटतो. हे प्रताप त्यातल्या लिमोनिनचे, आणि सालीच्या तेलात ते ९० टक्क्यांच्या आसपास असतं. बाटली उघडी राहिली की लिमोनिन हवेतला ऑक्सिजन घेऊन हायड्रोपेरॉक्साइडं बनवतं आणि ती त्वचेला ताज्या तेलापेक्षा जास्त त्रास देतात. म्हणून तेल गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत, थंड जागी ठेवायचं.

रोशाचा प्रश्न आपल्याकडे शेतीचाही आहे. रोही आणि रानडुकरं तुरी-हरभऱ्याची नासाडी करतात, रोशाला सहसा तोंड लावत नाहीत. एकदा लावलं की काही वर्षं कापण्या घेता येतात, पाणीही कमी लागतं. लखनौच्या सीमॅप संस्थेने 'तृष्णा', 'पीआरसी-१' असे वाण दिलेत आणि २०१७ पासून सीएसआयआरच्या अरोमा मिशनमध्ये हे पीक आहे. अडचण भट्टीची. गावात भट्टी नसेल तर ओलं गवत लांब वाहून नेणं परवडत नाही, आणि एकट्या शेतकऱ्याने भट्टी घेणंही परवडत नाही. मेकॅनिकल आणि केमिकलवाल्यांनी ट्रॉलीवर चालणारी छोटी भट्टी हा फायनल इयरचा विषय म्हणून घ्यायला हरकत नाही.

ज्यांना इतका मोठा पसारा नको, त्यांनी चिवड्याचाच प्रयोग करावा. शेंगदाणा तेलाचे तीन भाग घ्या. एक साधा, एकात थोडं ओव्याचं तेल, एकात रोशाचं. तिन्ही ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि दर दोन दिवसांनी पेरॉक्साइड व्हॅल्यू काढा. त्याला पोटॅशियम आयोडाइड, स्टार्च आणि सोडियम थायोसल्फेट लागतं, टायट्रेशन तर सगळ्यांना येतं. फक्त स्टार्च त्याच दिवशी करून घ्या आणि थायोसल्फेटची तीव्रता दर वेळी तपासा. नाहीतर तीन आठवड्यांचे आकडे वाया जातात आणि लॅब असिस्टंट काकांची बोलणी बसतात ती वेगळीच.