शिलकीतल्या गोळ्या

थायरॉइडची गोळी सुरू करून दहा दिवस झाले, थकवा तसाच आहे, म्हणजे गोळी लागू पडत नाही, असा निकाल आपल्याकडे फार लवकर लागतो. त्याला जबाबदार पॅरासिटामॉल. ते घेतल्यावर तासाभरात अंग हलकं होतं आणि दोन-तीन तासांत रक्तातलं औषध निम्म्यावरही येतं. त्यामुळे गोळी आली, काम करून गेली, असं मनात ठसलेलं असतं. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या लेव्होथायरॉक्सिनची गोष्ट निराळी. ते निम्म्यावर यायला सुमारे ७ दिवस लागतात. या मुदतीला औषधाचं अर्धायुष्य म्हणतात. ते लांबलचक असलं की आजची गोळी एकटी फारसं काही करत नाही. गुण येतो तो मागच्या गोळ्यांच्या शिलकीतून.

यावर घरातल्या वडीलधाऱ्यांची शंका ठरलेली: मग गोळ्या अंगात साठतच जाणार ना? साठतात हे खरं, पण साठ्याला मर्यादा असते, आणि ती साध्या हिशेबाने कळते. अर्धायुष्य ७ दिवसांचं, म्हणजे शरीरात असलेल्या औषधाचा जवळपास दहावा हिस्सा रोज जातो. पहिल्या दिवशी साठा एका गोळीचा, तेव्हा खर्च गोळीच्या एक दशांश. साठा वाढतो तसा खर्चही वाढतो. तो दहा-साडेदहा गोळ्यांवर पोचला की त्याचा दहावा हिस्सा म्हणजे एक अख्खी गोळी. सकाळी जेवढं आत येतं तेवढंच दिवसभरात जातं आणि पातळी तिथेच ठरते. पहिल्या आठवड्यात निम्मी मजल, दुसऱ्या आठवड्याअखेर पाऊण, पाचव्याअखेर जवळजवळ पूर्ण. टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायला सांगतात ती मुख्यतः यासाठी. दहाव्या दिवशी रिपोर्ट काढणं म्हणजे अर्धाकच्चा भात चाखून तांदळाला नावं ठेवणं.

मग पहिल्याच दिवशी दहा गोळ्या का देऊ नयेत? प्रश्न वेडगळ नाही. व्हायव्हॅक्स मलेरियात क्लोरोक्विन साधारण तसंच देतात: प्रौढाला १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी २. तिथे साठा हळूहळू होण्याची वाट पाहायला सवड नसते. थायरॉइडच्या नेहमीच्या रुग्णाला एवढी घाई नाही, आणि सुस्तावलेल्या हृदयाला एकदम पळवलं तर वयस्कर माणसाच्या छातीत दुखू शकतं. आणखी एक आक्षेप मात्र मान्यच करायला हवा: सगळी औषधं या हिशेबात बसत नाहीत. ॲस्पिरिन रक्तात १५-२० मिनिटांत निम्म्यावर येतं, तरी हृदयरोग्याला दिवसातून एक गोळी पुरते. कारण जाताजाता ते प्लेटलेट्सची गुठळी करण्याची ताकद कायमची काढून घेतं, आणि प्लेटलेट जगते ७ ते १० दिवस. रोजची गोळी लागते ती रोज नव्याने तयार होणाऱ्या साधारण दहाव्या हिश्शासाठी.