कडेवर मूल, हातांत पुस्तक

विद्यार्थी हा शब्द उच्चारला कीं एक ठराविक चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. वीसबावीस वर्षांचा एकटा जीव, खाणावळीचें जेवण, खोलींत एक खाट, आणि परीक्षेखेरीज दुसरी काळजी नाहीं. आपल्या आश्रमव्यवस्थेनेंहि अध्ययन आधीं आणि संसार मागाहून असाच क्रम लावून दिला होता. परंतु आज उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जाणाऱ्यांपैकीं कित्येकांना हा क्रम पाळतां येत नाहीं. कोणी चारपांच वर्षें नोकरी करून, लग्न आणि मूल झाल्यावर पुन्हां विद्यार्थी होतात; कोणी संशोधन चालूं असतांनाच आईबाप होतात. अशा माणसांचा परदेशांतील रोजचा संसार कशावर उभा असतो आणि कोठें अडतो, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रत्येक देशाचे नियम निराळे असल्यामुळें सर्वांची हकीकत एका भाषणांत सांगतां येणार नाहीं. ब्रिटननें तर २०२४ च्या जानेवारीपासून, संशोधनाचे अभ्यासक्रम व सरकारी शिष्यवृत्त्या असे अपवाद सोडून, नव्यानें येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब बरोबर आणण्याची मुभाच काढून घेतली. म्हणून मी एकच देश घेतों, तो जर्मनी. तेथील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणीं शिकवणीची फी नाहीं. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रांत तेथें सुमारें ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचीच संख्या सर्वांत मोठी होती. आपल्या पुण्यामुंबईकडील मुलेंमुली त्यांत आहेतच.

प्रथम आपण आपल्याच घराकडे पाहूं. आपल्याकडे मूल कोण वाढवतें, असें विचारलें तर उत्तर येतें, आईबाप. तें पुरतें खरें नाहीं. आई न्हाणीघरांत असतांना पाळण्याला झोंका देणारी आजी, संध्याकाळीं बागेंत नेणारे आजोबा, पांच मिनिटें मुलाकडे बघा म्हटलें कीं हातांतलें काम टाकून येणारी शेजारीण, सुटींत आलेली आत्या किंवा मावशी, या साऱ्यांचे हात त्या कामीं लागलेले असतात. त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, कारण ते मागितल्यावांचून मिळतात. परदेशांत विद्यार्थी आईबापांना पैशाची चणचण असते, ती असतेच. पण माझ्या मतें त्यांची खरी उणीव या मोकळ्या हातांची असते. जर्मनींत त्या हातांची जागा संस्थांनीं घेतली आहे. त्या संस्था चांगल्या आहेत, परंतु त्या घड्याळावर आणि अर्जावर चालतात. आजीकडे कोणाला अर्ज करावा लागत नाहीं. हा फरक ध्यानांत ठेवला म्हणजे पुढचें सारें सहज उलगडतें.

या संस्थांतील पहिली म्हणजे बालसंगोपनगृह. आम्हां शिक्षकांना फ्रेडरिक फ्रोबेलचें नांव परिचित आहे. त्यानें १८३७ सालीं बाड ब्लांकेनबुर्ग या गांवीं लहान मुलांसाठीं आपलें काम सुरू केलें, आणि १८४० सालीं त्याला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. प्रशियाच्या सरकारनें १८५१ सालीं अशा बागांवर बंदी घातली. ती १८६० सालीं उठली. त्याच देशांत २०१३ च्या १ ऑगस्टपासून, वर्षाचें झालेल्या प्रत्येक मुलाला संगोपनगृहांत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. या गृहाला तेथें बोलतांना 'कीटा' म्हणतात. फी गांवोगांव निराळी असते. बर्लिननें २०१८ च्या ऑगस्टपासून संगोपनाची फी माफ केली आणि जेवणाचे महिना २३ युरो तेवढे पालकांकडे ठेवले. शिवाय विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं देशभर पन्नासाहून अधिक विद्यार्थी-सेवा-मंडळें आहेत. भोजनगृहें आणि वसतिगृहें तीं चालवितात, पुष्कळ ठिकाणीं कुटुंबासाठीं बिऱ्हाडें देतात, आणि विद्यार्थ्यांच्या मुलांसाठीं कीटाहि चालवितात. कित्येक भोजनगृहांत विद्यार्थ्याबरोबर आलेल्या लहान मुलाला जेवण फुकट मिळतें.

हक्क आहे म्हणून जागा हातांत पडते असें मात्र नाहीं. जागा अपुऱ्या आहेत. तेथील आईबाप मूल जन्मण्यापूर्वींच नांव नोंदवून ठेवतात. ऑक्टोबरमध्यें सत्र सुरू व्हायचें आणि ऑगस्टमध्यें मूल बरोबर नेण्याचें ठरवायचें, असें करणाराला रांगेच्या शेवटीं उभें राहावें लागतें. मुलाला गोवराची लस टोंचल्याचा दाखलाहि लागतो. २०२० च्या मार्चपासून तसा कायदाच आहे. तेव्हां येथील डॉक्टरांकडचें लसीकरणाचें पुस्तक सामानांत वरच ठेवावें.

जागा मिळाली तरी मूल दारांत सोडून आईला व्याख्यानाला जातां येत नाहीं. मुलाला नव्या जागेची संवय लावण्याची तेथें एक रीत आहे. बर्लिनच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पद्धतींत पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर खोलींत नुसता बसून राहतो. चौथ्या दिवशीं कांहीं मिनिटें बाहेर जाऊन पाहतात. मूल रडलें आणि शिक्षिकेच्या समजावण्यानें शांत झालें नाहीं, तर पालकाला लगेच परत बोलावतात. पुढें हा वेळ हळूहळू वाढवीत नेतात. यांत दोनतीन आठवडे सहज जातात; कोणाला अधिकहि लागतात. मुलाच्या दृष्टीनें ही रीत फार शहाणपणाची आहे. माझ्या नोकरींत पहिलीच्या वर्गाच्या दारांत गळा काढून रडणारीं मुलें मीं दर जूनमध्यें पाहिलीं आहेत, त्यामुळें तिची किंमत मला कळते. परंतु ज्या आईचें सत्र त्याच आठवड्यांत सुरू झालें असेल, तिचीं पहिलीं व्याख्यानें या तीन आठवड्यांत बुडतात.

आतां त्यांचा एक दिवस पाहूं. डिसेंबरांत बर्लिनला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आंत मावळतो. म्हणजे अंधारांत मुलाला उठवायचें, लोंकरीचे कपडे, टोपी, मोजे, बूट चढवायचे आणि निघायचें. पाऊस असो वा बर्फ असो, कीटांतील मुलें बाहेर खेळतात. म्हणून चिखलांत लोळतां येईल अशी रबरी विजारहि द्यावी लागते. दुपारचें ऊन जेवण आणि झोंप तिकडेच होते. आईबापांना व्याख्यानें, प्रयोगशाळा, ग्रंथालय सगळें मधल्या सहासात तासांत बसवावें लागतें, कारण न्यायला येण्याची वेळ ठरलेली असते आणि ती चुकवून चालत नाहीं. घरीं आल्यावर स्वयंपाक, आंघोळ, गोष्ट. आठनऊला मूल निजलें कीं अभ्यासाला खरी सुरुवात होते. जूनमध्यें उलट अडचण. रात्रीं साडेनऊपर्यंत उजेड असल्यामुळें मूल निजायला तयार होत नाहीं. रविवारीं दुकानें बंद असतात. शनिवारीं दूध आणायचें राहिलें तर शेजारी वाटी घेऊन जाण्याइतकी ओळख असलीच तर बरें.

पैशाचें गणितहि तंगच असतें. २०२४ च्या सप्टेंबरपासून विद्यार्थ्यानें व्हिसासाठीं वर्षाचे ११,९०४ युरो खात्यांत बांधून ठेवावे असें ठरलें. त्यांतून महिन्याला ९९२ युरो काढतां येतात. ही बेरीज एका माणसाची आहे. बायकोमुलांसाठीं वेगळी तजवीज दाखवावी लागते, आणि घर पुरेसें मोठें आहे हेंहि दाखवावें लागतें. काम करून कमवावें म्हटलें तर २०२४ च्या मार्चपासून वर्षांत १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस एवढी मर्यादा आहे. त्यांतल्या त्यांत दिलासा म्हणजे सार्वजनिक आरोग्यविम्यांत मुलाचा आणि न मिळवत्या जोडीदाराचा वेगळा हप्ता भरावा लागत नाहीं. तेथें मूल जन्मलें तर एक पिवळी वही मिळते, आणि जन्मापासून शाळेच्या वयापर्यंतच्या ठरलेल्या तपासण्या तींत नोंदल्या जातात. २०१८ च्या जानेवारीपासून प्रसूतीचें संरक्षण विद्यार्थिनींनाहि लागू झालें आहे. प्रसूतीपूर्वीं सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे तिला परीक्षेची सक्ती करतां येत नाहीं. मुलाच्या संगोपनासाठीं एखादें सत्र रजा घेण्याचीहि सोय आहे.

येथपर्यंत सारें वेळापत्रकांत बसतें. वेळापत्रक मोडतें तें मूल तापानें फणफणतें त्या दिवशीं. आजारी मुलाला कीटा घेत नाहीं, आणि तें योग्यच आहे. पण त्या दिवशीं आईची प्रयोगशाळा असते आणि बापाची परीक्षा असते. येथें संस्था संपते आणि मोकळ्या हाताची आठवण होते. त्याला उपाय एकच, तो म्हणजे असे हात तेथें जोडणें. वसतिगृहांतील दुसऱ्या विद्यार्थी कुटुंबाशीं, मग तें केरळचें असो कीं ब्राझीलचें, आधींच बोलून ठेवावें: तुमच्या अडीनडीला आम्ही, आमच्या अडीनडीला तुम्ही. प्राध्यापकांनाहि सत्राच्या आरंभीं आपली परिस्थिति सांगून ठेवावी. अडचणीच्या दिवशीं सांगितलेली गोष्ट सबब वाटते. आधीं सांगितलेली गोष्ट माहिती ठरते.

श्रोते हो, ही अडचण आजची नाहीं. १८८३ सालीं पंडिता रमाबाई शिक्षणासाठीं इंग्लंडला गेल्या तेव्हां दोन वर्षांची मनोरमा त्यांच्याबरोबर होती. प्रथम त्या वॉन्टेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयाला राहिल्या आणि पुढें चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयांत शिकत असतांना तेथेंच संस्कृतहि शिकवूं लागल्या. मनोरमेचा सांभाळ बराच काळ त्या भगिनींकडे होता. १८८६ सालीं रमाबाई अमेरिकेला गेल्यावर मुलीला पुन्हां वॉन्टेजला पाठवावें लागलें. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला आहे. मुलीला धर्मशिक्षण कसें द्यावें यावरून आई आणि संस्था यांचा वाद कसा झाला, हें त्यांत दिसतें. भगिनींची माया खोटी नव्हती. परंतु जो मूल सांभाळतो तो त्याला आपल्या रीतीनें वळणहि लावतो, हें रमाबाईंना पुरतें ठाऊक होतें, आणि म्हणून त्यांनीं आपला शब्द सोडला नाहीं.

आज धर्माचा प्रश्न तसा उभा राहत नाहीं, भाषेचा राहतो. दिवसाचे सातआठ तास जर्मन ऐकणारें मूल वर्षभरांत आईबापांपेक्षां चांगलें जर्मन बोलूं लागतें. त्याचा आनंदच मानावा. पण घरांत दोघांनींहि मुलाशीं मराठींतच बोलावें, आणि कीटाच्या शिक्षिकेशीं आपली भाषा सुधारण्यासाठीं मुलाला दुभाषा करूं नये.

येथें आपण घरीं राहिलेलीं माणसें उपयोगी पडूं शकतों. आपलें घड्याळ जर्मनीच्या पुढें उन्हाळ्यांत साडेतीन तास आणि हिवाळ्यांत साडेचार तास असतें. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले म्हणजे इकडे साडेनऊ किंवा साडेदहा होतात. त्या वेळीं आई स्वयंपाकाला लागलेली असते. दूरध्वनीच्या पडद्यावर आजीनें रोज वीस मिनिटें एक गोष्ट सांगितली, तर मुलाला मराठी मिळतें आणि आईला वीस मिनिटें मिळतात. जेवलीस का, अभ्यास झाला का, ही चौकशी मागून करावी. प्रत्यक्ष जायचें तर पाहुण्याच्या व्हिसावर कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षां अधिक राहतां येत नाहीं. ते दिवस सहलींत घालवूं नयेत. फेब्रुवारी आणि जुलै हे बहुधा परीक्षांचे महिने. मुलांना आपली खरी गरज तेव्हां असते.

मग मूल आजीआजोबांपाशीं ठेवून जावें काय, असें पुष्कळ घरांत विचारतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याला लहान वाटतो. चार वर्षांच्या मुलाचें तें अर्धें आयुष्य असतें. माझ्या मतें दोघांपैकीं एकानें पुढें जावें, बिऱ्हाड पाहावें, कीटांतील जागा पक्की करावी, आणि पहिलें सत्र पार पडल्यावर मूल न्यावें. सहा महिन्यांचा विरह मुलाला सोसवतो, आणि त्या सहा महिन्यांत आजीआजोबांचे हात येथें असतातच. मात्र निघण्यापूर्वीं एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्या: जागेसाठीं अर्ज कधीं करायचा, संवय लावण्याचे तीन आठवडे कोण देणार, आणि मूल आजारी पडेल त्या दिवशीं घरीं कोण राहणार. या तिन्हींचीं उत्तरें ज्यांच्यापाशीं आहेत त्यांनीं खुशाल जावें. ज्यांच्यापाशीं नाहींत त्यांनीं तीं मिळेपर्यंत एक सत्र थांबावें. विद्यापीठ पुढच्या वर्षींहि तेथेंच असतें.